मदतीची हाक आणि बदलते नेटवर्क

नाशिकहून मुंबईला नेहमी जाणाऱ्या माणसाला कसारा घाट दोन कारणांनी लक्षात राहतो. एक म्हणजे तिथली वळणे, आणि दुसरे म्हणजे मोबाइलची जाणारी-येणारी रेंज. बोलता बोलता फोन तुटला, तर आपण घाट उतरल्यावर तो पुन्हा लावतो. त्यात फारसे काही बिघडत नाही. पण आता फोन लावण्याचे काम गाडीही करू लागली आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे. २०२४ साली बाजारात आलेली एक्सयूव्ही थ्री एक्स ओ ही गाडी तिथेच तयार होते. तिच्या वरच्या किमतीच्या प्रकारांत मोबाइल नेटवर्कशी जोडलेली यंत्रणा असते. इतर कंपन्यांच्या कितीतरी गाड्यांतही आज अशी सोय आहे. अपघात झाला, तर माणूस शुद्धीवर असो वा नसो, गाडीने मदत मागावी, अशी यामागची कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मला आज एवढेच विचारायचे आहे, की गाडीची ही हाक किती वर्षे ऐकली जाणार? गाडी नवी असताना तर नक्कीच. पण दहा वर्षांनी? पंधरा वर्षांनी? या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो समुद्रापासून सुरू होतो.

१९१२ सालच्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्यावर बिनतारी यंत्र होते. त्यावरून गेलेला संकटसंदेश कार्पेथिया या जहाजाने ऐकला, ते धावून आले आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. त्याहून जवळ कॅलिफोर्नियन नावाचे दुसरे एक जहाज उभे होते. त्याच्यावरही बिनतारी यंत्र होते, पण ते चालवणारा एकटा माणूस दिवसभराचे काम आटोपून झोपी गेला होता. म्हणजे हाक मारण्याचे साधन होते, पण ऐकणारा कान जागा नव्हता. या दुर्घटनेनंतर १९१४ साली लंडनमध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जहाजावरच्या बिनतारी पहाऱ्याचे नियम ठरले. पुढे अनेक दशके ५०० किलोहर्ट्झ या लहरीवर जगभरची जहाजे मोर्सच्या संकेतांकडे कान लावून बसत.

मग उपग्रह आले, यंत्रे सुधारली आणि मोर्स मागे पडला. पण ही जुनी व्यवस्था कोणी एका रात्रीत बंद केली नाही. नवी व्यवस्था आणण्याचा निर्णय १९८८ साली झाला. ती १ फेब्रुवारी १९९२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ फेब्रुवारी १९९९ रोजी पूर्ण झाली. जहाजमालकांना यंत्रे बदलायला सात वर्षे मिळाली. जुना कान मिटण्याआधी नवा कान उघडला आहे ना, याची खात्री करून घेण्यात आली. देशोदेशीची सरकारे एकत्र बसली म्हणून हे जमले.

रस्त्यावरची गोष्ट मात्र वेगळी झाली. १९९६ साली अमेरिकेत जनरल मोटर्स या कंपनीने ‘ऑनस्टार’ नावाची सेवा जाहीर केली. गाडीतच एक मोबाइल फोन बसवलेला असे. बटण दाबले की मदत केंद्रातला माणूस बोलू लागे. धडक बसून एअरबॅग फुटली, तर गाडी आपण होऊन केंद्राला कळवी. त्या काळी ही अपूर्वाईच होती. पण हा फोन चालत होता अमेरिकेच्या जुन्या अ‍ॅनालॉग मोबाइल नेटवर्कवर. ते १९८३ साली सुरू झाले होते आणि खेड्यापाड्यांत, लांबच्या महामार्गांवर त्याचीच रेंज उत्तम मिळे. म्हणून गाड्यांसाठी तेच निवडले गेले. त्या वेळी तो निर्णय बरोबरच होता.

पुढे शहरांत डिजिटल फोन आले. कंपन्यांना जुने नेटवर्क चालवणे परवडेनासे झाले. तिथल्या दूरसंचार नियामकाने १८ फेब्रुवारी २००८ ही तारीख ठरवून दिली. तोपर्यंत अ‍ॅनालॉग नेटवर्क चालू ठेवणे बंधनकारक होते, त्यानंतर नाही. ऑनस्टारने त्याच्या थोडे आधी, २००७ साल संपताच, आपली अ‍ॅनालॉग सेवा थांबवली. काही गाड्यांत नवे यंत्र बसवता आले, लाखो गाड्यांत ते बसवता आले नाही. इंजिन ठणठणीत होते, एअरबॅग जागच्या जागी होत्या, आरशाजवळचे बटणही तसेच होते. फक्त त्या बटणाच्या पलीकडे कोणी उरले नव्हते. संतापलेले ग्राहक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते. गाडी विकताना हे आम्हाला का सांगितले नाही?

योगायोग असा, की त्याच २००८ साली जनरल मोटर्सने आपल्या पुण्याजवळच्या तळेगावात कारखाना सुरू केला. तो आता ह्युंदाईकडे गेला आहे.

आपल्याकडे हा अनुभव आला नाही, कारण आपण उशिरा सुरुवात केली. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाइल सुरू झाला. तो पहिल्यापासूनच डिजिटल होता. आज आपण ज्याला टू-जी म्हणतो, तेच ते जीएसएम तंत्र. अ‍ॅनालॉगची पायरी आपण चढलोच नाही, त्यामुळे ती पायाखालून निसटण्याचाही प्रश्न आला नाही.

पण नेटवर्क जाते म्हणजे काय होते, हे आपल्याही घरात पाहायला मिळाले आहे. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सीडीएमए तंत्राचे फोन आणले. पुढच्या वर्षी ५०१ रुपयांच्या योजनेने ते गल्लोगल्ली पोचले. पुढे ग्राहक दुसरीकडे वळले, तंत्र मागे पडले, आणि २०१६-१७ पर्यंत रिलायन्सची ही सेवा संपली. ते हँडसेट न बिघडताच निकामी झाले. मात्र फोन स्वस्त होते, लोकांनी दुसरे घेतले. हाताततला फोन आपण तीन-चार वर्षांनी बदलतोच. गाडीचे तसे नसते.

आता गाड्यांकडे येतो. गाडीतून मदत मागण्याचे आपल्याकडे दोन मार्ग दिसले. २०१३ साली फोर्डने इकोस्पोर्ट आणली. तिच्या काही प्रकारांत अशी सोय होती, की एअरबॅग फुटली की ब्लूटूथने जोडलेल्या चालकाच्याच फोनवरून गाडीने आपत्कालीन क्रमांक लावायचा. म्हणजे कान आणि तोंड गाडीचे, पण फोन तुमचा. यात एक उणीव आहे. फोन जोडलेला नसेल, चार्जिंग संपले असेल किंवा धडकेत तो फुटला असेल, तर काही चालत नाही. पण एक मोठा गुणही आहे. तुम्ही नवा फोन घेतलात, की गाडीही आपोआप नव्या नेटवर्कवर जाते.

दुसरा मार्ग २०१९ साली आला. मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आणि जूनमध्ये एमजीची हेक्टर बाजारात आली. यांच्यात सिमकार्ड गाडीच्या आतच कायमचे बसवलेले असते. ‘इंटरनेट कार’ म्हणून हेक्टरची जाहिरात झाली होती, ती अनेकांना आठवत असेल. ही गाडी गुजरातेत हालोलला तयार होते, तोही पूर्वी जनरल मोटर्सचाच कारखाना! इथे चालकाच्या फोनवर भिस्त नाही, ही जमेची बाजू. पण आतल्या यंत्राला जे नेटवर्क समजते, ते असेपर्यंतच ते बोलणार.

खासगी गाड्यांपेक्षाही मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या प्रवासी बस आणि टॅक्सी. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर सार्वजनिक वाहनांच्या सुरक्षेची चर्चा देशभर झाली. त्यातून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१६ मध्ये नियम काढला. सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटणे हवीत. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांना तो लागू झाला. रिक्षा आणि ई-रिक्षांना त्यातून वगळले आहे. या यंत्राचे मानक ‘एआयएस १४०’ म्हणून ओळखले जाते, आणि ते विचारपूर्वक केलेले आहे. गाडीची वीज तुटली तरी आतल्या बॅटरीवर यंत्र काही तास चालले पाहिजे. रेंज नसेल तेव्हा माहिती साठवावी आणि रेंज आली की पाठवावी, असेही त्यात आहे. आपल्या कसारा घाटासारख्या जागांसाठीच जणू ही तरतूद आहे. मात्र घाटातली रेंज पाच-दहा मिनिटांनी परत येते. बंद केलेले नेटवर्क परत येत नाही, आणि साठवलेली माहिती मग यंत्रातच पडून राहते.

हे सारे कशासाठी, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आणि ट्रेलर यांची धडक होऊन बसने पेट घेतला. बारा माणसे गेली. त्या अपघातात एखाद्या बटणाने काय झाले असते, यावर मी तर्क करणार नाही. पण रात्रीच्या बसमध्ये प्रवासी झोपेत असतात, आपण कोणत्या गावाजवळ आहोत हेही त्यांना ठाऊक नसते. अशा वेळी ठिकाण अचूक सांगणारे यंत्र किती मोलाचे, ते यावरून कळावे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून स्थान मिळाले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. साखळीचे पुढचे दुवे आपण जोडत आणले आहेत. पहिला दुवा, म्हणजे हाक, कच्चा राहून चालणार नाही.

आणि तो कच्चा राहण्याची शक्यता खरी आहे. एअरटेलने २०१९-२० मध्ये देशभरातली थ्री-जी सेवा गुंडाळली. टू-जी अजून चालू आहे, कारण साधे फोन वापरणारे कोट्यवधी लोक त्यावर आहेत. गाड्यांचा माग ठेवणारी कितीतरी यंत्रेही त्याच्याच आधाराने चालतात. २०१६ साली आलेल्या जिओने टू-जी कधी उभारलेच नाही, आणि टू-जी, थ्री-जी पूर्ण बंद करण्याचे धोरण आखावे, अशी मागणी तिने २०२४ साली नियामकापुढे केली आहे. त्या मागणीत व्यापार आहे, तसे तथ्यही आहे. एकाच वेळी तीन-तीन पिढ्यांची नेटवर्क चालवणे खर्चाचे असते आणि मौल्यवान लहरी अडकून पडतात. आज ना उद्या टू-जी जाणार. ते जाऊच नये, असा माझा आग्रह नाही.

अमेरिकेने हा धडा दोनदा घेतला. २००८ च्या अनुभवानंतरही २०२२ मध्ये थ्री-जी बंद झाले, तेव्हा अनेक कंपन्यांच्या गाड्यांतली अपघाताची सूचना देणारी सोय पुन्हा मुकी झाली. युरोपने मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची केली, पण ती जुन्या पद्धतीच्या टू-जी, थ्री-जी कॉलवर बेतली होती. आता तिथे फोर-जीवर चालणाऱ्या यंत्रणेचे नियम करून बदल सुरू आहे, आणि आधी विकलेल्या गाड्यांचे काय, हा प्रश्न उरलाच आहे.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. २०१९ साली घेतलेल्या गाडीचे कागद २०३४ पर्यंत चालतील. आणि आपल्याकडे एअरटेलने २०११ च्या सुमारास आणलेले थ्री-जी दहा वर्षेही धड टिकले नाही. गाडीचे आयुष्य लांब आणि नेटवर्कचे आखूड, ही या साऱ्या गोष्टीतली मूळ अडचण आहे.

उपाय अवघड नाहीत. गाडी विकताना ही सोय कोणत्या नेटवर्कवर चालते आणि किती वर्षांची हमी आहे, ते कंपनीने लेखी द्यावे. संदेश पाठवणारा भाग वेगळा काढून बदलता येईल असा बसवावा, म्हणजे ऑनस्टारच्या ग्राहकांसारखी वेळ येणार नाही. बसच्या फिटनेस तपासणीत आपण ब्रेक आणि दिवे पाहतो. तिथे आपत्कालीन बटण प्रत्यक्ष दाबून ते केंद्रापर्यंत पोचते का, हेही दर वेळी पाहिले जावे. आणि टू-जी बंद करण्याची तारीख ठरेल, तेव्हा ती निदान काही वर्षे आधी जाहीर व्हावी. समुद्रावरच्या जहाजांना सात वर्षे मिळाली होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या बसला तेवढी तरी मिळायला हरकत नसावी.

तोपर्यंत एक काम आपल्याला करता येईल. नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलात, की मायलेज आणि सनरूफबद्दल विचाराच. त्याबरोबर हेही विचारा, की हे लाल बटण कोणत्या नेटवर्कवर चालते, आणि ते नेटवर्क बंद झाले तर तुम्ही काय कराल? विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल, तर ते त्याला कंपनीकडून आणायला सांगा, आणि कागदावर घ्या.