जुन्या जीपचे मोठे टायर : मीटरवर 60, फोनवर 68

शिरवळला काकांकडे जुनी सीजे-3बी जीप आहे. लिफ्ट किट आणि 33 इंची टायर टाकू का, असं त्यांनी मला विचारलं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी हिशोब केला.

लिफ्ट किट : कमानपाट्यांत जादा पाटा घालतात किंवा शॅकल लांब करतात. जुन्या पद्धतीचा उपाय हाच. पण याने फक्त बॉडी उचलली जाते. खालचा डिफरन्शियलचा गोळा तिथेच राहतो.

टायर : गोळा फक्त टायरने वर जातो, तोही निम्माच. मूळ टायर साधारण 29 इंची. म्हणजे 4 इंच वाढले, तर गोळा 2 इंच वर.

मीटर : 33 भागिले 29 म्हणजे 1.14. मीटर 60 दाखवेल तेव्हा खरा वेग 68. फोनच्या जीपीएसवर तुम्हीही तपासा.

ब्रेक : ड्रम ब्रेक तेच, चाक मोठं, गाडी उंच. खंबाटकीच्या उतारावर थांबायला जास्त अंतर लागणार, वळणावर कलंडायची भीतीही जास्त.

कायदा : मोटार वाहन कायदा, कलम 52. कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल चालत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय.

काकांनी टायर नवे घेतले, पण मूळच्याच मापाचे.