न्यूट्रलची तार

लॅन पार्टीचा इतिहास सहसा खेळांच्या अंगाने सांगितला जातो. डिसेंबर १९९३मध्ये 'डूम' आला, जून १९९६मध्ये 'क्वेक' आला. घरचं इंटरनेट संथ होतं, म्हणून पोरं आपापले संगणक आणि भलेजड मॉनिटर गाडीत घालून एका ठिकाणी आणायची, केबलने एकमेकांना जोडायची आणि रात्रभर खेळायची. हे सगळं खरंच आहे. पण शेकडो संगणक एका छताखाली आले की नेटवर्कच्या आधी वीज कमी पडते, हे त्या गोष्टीत बहुधा येत नाही. नेटवर्क फसलं तर खेळ अडखळतो. वायरिंग फसलं तर आग लागू शकते, आणि टेबलांखाली स्लीपिंग बॅगांमध्ये पोरं झोपलेली असतात.

स्वीडनमधल्या 'ड्रीमहॅक'चंच पाहा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मालुंग नावाच्या छोट्या गावात शाळेच्या तळघरात काही शाळकरी मित्र संगणक घेऊन जमायचे. १९९४मध्ये ते शाळेच्या कँटीनमध्ये आले, १९९७मध्ये बोरलेंगे शहरातल्या कूपोलेन या इनडोअर स्टेडियममध्ये आणि २००१मध्ये यॉन्शॉपिंगच्या एल्मिया प्रदर्शन केंद्रात. शेजारच्या नॉर्वेत 'द गॅदरिंग' १९९६पासून हामारच्या व्हिकिंगस्किपेटमध्ये भरू लागलं. उलट्या घातलेल्या जहाजासारखं छप्पर असलेली ही इमारत १९९४च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्पीड स्केटिंगसाठी बांधलेली. तळघर, कँटीन, स्टेडियम, प्रदर्शन केंद्र हा प्रवास गर्दी वाढली म्हणून झाला, असं आपण सहज म्हणतो. मला तो मेन स्विचबोर्डचा प्रवासही वाटतो. बर्फ गोठवणारी यंत्रं आणि टीव्हीसाठीचे दिवे चालवणाऱ्या इमारतीची वीजजोडणी शाळेच्या कँटीनला कुठून असणार?

थोडा हिशोब करू. १९९९च्या आसपासचा संगणक आणि १७ इंची काचेचा मॉनिटर मिळून साधारण २०० ते २५० वॅट धरा. युरोपात आपल्यासारखाच २३० व्होल्टचा पुरवठा. आपल्याकडे गिझरला असतो तशा १६ अँपियरच्या एका सर्किटवर ३,६८० वॅट मिळतात, म्हणजे कागदावर १४-१५ संगणक. पाच हजार संगणकांना मेगावॅटच्या घरात वीज लागते आणि साडेतीनशेच्या आसपास सर्किटं. शिवाय गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन सभागृहातच राहतो. माणूसही बसल्या जागी शंभरेक वॅटची उष्णता देतो. ती बाहेर काढायला पंखे, आणि पंख्यांना पुन्हा वीज.

अमेरिकेत हेच गणित निम्म्यावर येतं. तिथे १२० व्होल्ट. २० अँपियरच्या सर्किटवर सलग तास न् तास लोड ठेवायचा तर नियमाप्रमाणे ८० टक्केच वापरायचं, म्हणजे १,९२० वॅट. आठ-नऊ संगणकांत सर्किट भरलं. १९९६मध्ये टेक्सासमध्ये गार्लंडच्या एका हॉटेलात 'क्वेककॉन' सुरू झालं ते अशा सॉकेटांच्या भरवशावर. त्यात टेक्सासचा उन्हाळा, म्हणजे एसी आलेच.

पण खरी गोम एकूण मेगावॅटमध्ये नाही. आपल्या सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर बसवताना कुणीही सगळ्या घरांचे गिझर, मिक्सर आणि इस्त्र्या एकाच वेळी चालतील असं धरत नाही. तसं धरलं तर कुठलीच सोसायटी परवडणार नाही. सगळे एकदम वीज वापरत नाहीत या गृहीतकावर जगभरच्या तारा उभ्या आहेत. लॅन पार्टीत हे गृहीतकच नाही. सगळे एकाच वेळी, पूर्ण जोराने, सलग तीन-चार दिवस. याच्या जवळचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे गणपतीचा मांडव: तात्पुरती जोडणी, भाड्याचा जनरेटर आणि तीन फेजवर लोड नीट वाटणारा अनुभवी इलेक्ट्रिशियन. फरक इतकाच की मांडवात काय लावायचं ते मंडळ ठरवतं. इथे प्रत्येक जण आपापलं यंत्र घेऊन येतो, आणि एखादा पाण्याची किटलीही आणतो. किटली म्हणजे दोन हजार वॅट, आठ-नऊ संगणकांचा घास. किटली, छोटा फ्रिज, हीटर आणू नका हा नियम अनेक लॅन पार्ट्यांत असतो तो यामुळे. एकाने चहा केला की अख्खं टेबल अंधारात.

आता त्या तीन फेजकडे येऊ. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, कुठल्याही शाखेला असलात तरी, बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात एक सिद्धता हमखास येते: तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमधून शून्य करंट वाहतो. तीन लाटा एकमेकींना खोडून काढतात. सुंदर सिद्धता आहे. म्हणूनच जुन्या इमारतींत न्यूट्रलची तार फेजइतकीच, कधी तर फेजपेक्षा बारीक घातलेली असे. तिच्यातून जाणार काय?

संगणकाच्या पॉवर सप्लायला ही सिद्धता लागू पडत नाही. त्या काळातला साधा पॉवर सप्लाय व्होल्टेजची लाट शिखराला पोचते तेवढ्याच क्षणी करंटचा घोट घेतो आणि उरलेला वेळ गप्प बसतो. तिन्ही फेजची शिखरं वेगवेगळ्या क्षणी येतात, त्यामुळे हे घोट एकमेकांना खोडत नाहीत. एकामागोमाग एक सगळे न्यूट्रलमधूनच परततात. लोड अगदी काटेकोर वाटला तरी न्यूट्रलमधला करंट एका फेजच्या १.७३ पटींपर्यंत जाऊ शकतो. ब्रेकर असतात फेजवर. त्यांना सगळं आलबेल दिसतं, ते ट्रिप होत नाहीत आणि न्यूट्रल तापत राहते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, कार्यालयांत टेबलाटेबलावर संगणक आले तेव्हा अमेरिकेतल्या इंजिनिअरांना हा प्रकार दिसू लागला होता. उपायही ठरला होता: न्यूट्रल जाड घाला, नाहीतर दोन घाला. पण कार्यालय संध्याकाळी बंद होतं, तार थंड होते. लॅन पार्टीत तिला रात्रीचीही उसंत नाही.

हे सांभाळणारी माणसं कोण होती, हे मला विशेष वाटतं. विजेचं मुख्य काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. पण कुठल्या टेबलाला कुठली फेज, किती संगणकांमागे एक सर्किट, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन कुणी जोडलंय का, हे बघत फिरणारे आयोजक बहुतेक विशीच्या आतबाहेरचे स्वयंसेवक होते. ब्रेकर ट्रिप झाला तर काय करायचं हेही त्यांना माहीत असावं लागे. नुसता ब्रेकर वर केला तर रांगेतले सगळे पॉवर सप्लाय एकदम कपॅसिटर भरायला धावतात, काचेचे मॉनिटर चालू होताना डीगॉसिंगचा झटका देतात, आणि ब्रेकर पुन्हा पडतो. म्हणून आधी सगळ्यांनी आपापली बटणं बंद करायची, मग ब्रेकर वर, मग एकेकाने सुरू करायचं. मॅच अर्ध्यात तुटलेल्या डझनभर पोरांना थांबायला लावणं हे विद्युतशास्त्राच्या कुठल्याच पेपरात नाही.

१ जानेवारी २००१पासून युरोपात ईएन ६१०००-३-२ हे मानक बंधनकारक झालं: ७५ वॅटच्या वरच्या संगणकांनी आणि मॉनिटरनी करंट असा तुकड्यातुकड्याने ओढायचा नाही. उत्पादकांनी आधी पॉवर सप्लायमध्ये जड चोक घातले, पुढे अ‍ॅक्टिव्ह करेक्शनची सर्किटं आली. पाठीमागचं ११५/२३० व्होल्टचं लाल बटणही हळूहळू दिसेनासं झालं. अमेरिकेत असा कायदा झाला नाही. त्याच वर्षी ड्रीमहॅक एल्मियात गेलं, हा योगायोग. पण २००७च्या हिवाळ्यात तिथे दहा हजारांहून जास्त संगणक एकाच वेळी चालले, त्यात या कंटाळवाण्या मानकाचाही वाटा असणार असं मला वाटतं. काचेचे मॉनिटर जाऊन एलसीडी आले, तिथेही माणशी पन्नासेक वॅट वाचले.

ते वाचलेले वॅट ग्राफिक्स कार्डांनी केव्हाच खाल्ले. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटंच ४५० वॅटचं आहे. प्रोसेसर आणि मॉनिटर धरून संगणक ६५०-७०० वॅटला जातो. म्हणजे ज्या सर्किटवर १९९९मध्ये चौदा जण बसत होते, तिथे आता पाच.