पदकामागच्या बायका

मैत्रिणींनो, १९४२ साली आपलं चौसाळा निजामाच्या राज्यात होतं. महायुद्ध तिकडं लांब, आपला काय संबंध, असं वाटतं खरं. पण ब्रिटिश हवाई दलाच्या ११०व्या बॉम्बर तुकडीचं नावच ‘हैदराबाद’ होतं. पहिल्या महायुद्धात तिची विमानं निजामानं दिली होती, आणि निजामाची तिजोरी भरायची शेतसाऱ्यावर. म्हणून बॉम्बर विमानातल्या एका पोराची गोष्ट आम्हाला अगदीच परकी वाटत नाही.

लेस्ली मॅन्सर त्याचं नाव. जन्म दिल्लीचा, वडील टपाल-तार खात्यात इंजिनिअर. ३० मे १९४२ च्या रात्री हजारावर विमानं जर्मनीतल्या कोलोन शहरावर गेली. त्यातलं एक वीस वर्षांचा लेस्ली चालवत होता, सोबत सहा जण. (त्या रात्री कोलोनमध्ये चारशेहून जास्त माणसं मेली, हेही सांगायलाच हवं.) खालून तोफेचा मार बसला, मागचा गोलंदाज जखमी झाला, एका इंजिनानं पेट घेतला. लेस्लीनं विमान कसंबसं बेल्जियमपर्यंत आणलं आणि सगळ्यांना उड्या टाकायला सांगितलं. सोबतच्या बेव्हिस्टॉकनं त्याच्यापुढं पॅराशूट धरलं; त्यानं नको म्हटलं. हात सोडले असते तर विमान तिथंच कोसळलं असतं. बेव्हिस्टॉकचं पॅराशूट उघडलंच नाही, तो पाण्यात पडला म्हणून वाचला. लेस्ली विमानासोबत गेला.

मग विमानात काय घडलं, हे कळलं कसं? सहांपैकी एक पकडला गेला. बाकी पाच जणांना तिथल्या लोकांनी लपवलं आणि ‘कॉमेट’ नावाच्या गुप्त वाटेनं पुढं काढलं. ही वाट उभी केली होती पंचविशीतल्या आंद्रे द योंग हिनं. सगळे तिला देदे म्हणत. ब्रसेल्स, पॅरिस, मग रात्रीतून पिरेनीज डोंगर चढून स्पेन. खोटे कागद, अंगावर घालायला साधे कपडे, चार घास, निजायला जागा. यातलं कितीतरी काम बायकांनी केलं. पाचही जण इंग्लंडला पोचले, त्यांनी साक्ष दिली, आणि ऑक्टोबरमध्ये लेस्लीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

जानेवारी १९४३ मध्ये देदे डोंगराच्या पायथ्याशी एका शेतघरात पकडली गेली. छळछावणीतून ती जिवंत परतली आणि पुढं आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिली. त्या शेतघराची घरधनीण फ्रान्सिया. नवरा वारलेला, पदरात तीन लेकरं. परमुलखातली किती पोरं तिच्या चुलीपाशी बसून जेवली असतील! तिलाही त्याच दिवशी धरलं. १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छावणीत ती मेली.