'क्वाइट' ह्या शब्दाची उतरती कळा

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याकरितां इंग्लंडांतील एका विद्यापीठास आम्हीं शिफारसपत्र लिहिलें. मुलगा खरोखर बुद्धिमान. म्हणून त्याच्या तयारीस 'क्वाइट गुड' हें विशेषण आम्हीं मोठ्या उदारपणानें लाविलें. त्यास प्रवेश मिळाला नाहीं. कारण निराळेंही असेल, पण पुढें तिकडील एका अध्यापक स्नेह्यानें पत्राची नक्कल वाचून विचारलें, "मुलगा बेताचाच होता वाटतें?" शाळेंत ह्या शब्दाचा अर्थ आम्हीं 'अगदीं' असा पाठ केला होता, आणि तोच पुढें शिकवीतही आलों होतों!

हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि देण्याघेण्याच्या व्यवहारांतला. ऋणांतून सुटलेला, मोकळा, असा त्याचा अर्थ. त्याच्या मागें लॅटिन 'क्वाएटस', म्हणजे शांत, हा शब्द उभा आहे. कर्ज फिटलेला माणूसच निवांत झोपणार. आपल्या जुन्या हिशेबी मराठींत ऋण पुरतें फिटलें म्हणजे खातें 'बेबाक' झालें असें म्हणत. इंग्रजांनीं त्याच कल्पनेवरून, बाकी कांहीं उरली नाहीं म्हणून, 'पूर्णपणें' हा अर्थ काढला. डॉ. जॉन्सन ह्यांनीं १७५५ च्या आपल्या कोशांत ही व्युत्पत्ति देतांना 'क्वाइट अँड क्लीन' ह्या जुन्या जोडीकडे बोट दाखविलें आहे. आपणही 'साफ विसरलों' म्हणतोंच कीं! अर्थ मात्र त्यांनीं पूर्णतेचाच दिला.

एकोणिसाव्या शतकांत ह्या पूर्णतेस ओहोटी लागली. 'अशक्य' किंवा 'रिकामा' अशा, ज्यांत कमीअधिक संभवत नाहीं त्या विशेषणांपुढें जुना अर्थ टिकला. 'नॉट क्वाइट' ह्या नकारांतही तो शाबूत आहे. पण 'चांगला', 'उष्ण' अशा चढउताराच्या विशेषणांपुढें इंग्लंडांत तो 'बऱ्यापैकीं' वर येऊन ठेपला. अमेरिकन माणूस तेंच 'क्वाइट गुड' बहुधा 'फार चांगलें' ह्या अर्थीं बोलतो, म्हणजे आमचें पत्र समुद्र ओलांडून आणखी पश्चिमेस गेलें असतें तर बरें झालें असतें. उलट 'अटर्ली' पाहा. मूळ अर्थ 'बाहेरचा', म्हणून टोकापर्यंतचा; आपल्या 'पार बुडाला' मधील 'पार' सारखा. त्याचें बळ ओसरलें नाहीं, परंतु संगत बहुधा नाशाची नि अपयशाची. शिफारसपत्रांत त्याचा काय उपयोग?

यंदा एका विद्यार्थिनीचें पत्र लिहावयाचें आहे. तिनें कोणते ग्रंथ वाचले आणि कोणता प्रबंध लिहिला, तेवढेंच लिहूं. क्रियाविशेषण एकही घालणार नाहीं.