शेंदूर, चुना आणि रंगाचा डबा



आपल्या पोशेरा गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम आता शेवटच्या टप्प्यावर आले आहे. भिंती झाल्या, शिखर झाले, गिलावा वाळला. रंगकाम तेवढे शिल्लक आहे. मंदिराच्या पूर्वपीठिकेविषयी गावातील जाणती मंडळी या स्मरणिकेत लिहिणारच आहेत. तालुका कचेरीतील माझ्यासारख्या कारकुनाने त्यात भर काय घालावी? म्हणून मी रंगाचा इतिहास लिहावयाचे ठरविले. त्यास कारणही तसेच आहे. देणगी म्हणून आलेले व मागच्या कामातून उरलेले रंगाचे डबे सभामंडपाच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेले आहेत. भात, नाचणी, वरई घरात आली की आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर व बांधकामावर बाहेरगावी जातात. त्या कष्टाच्या पैशातून कोणी एक डबा दिला, कोणी अर्ध्या डब्याची रक्कम दिली. तो रंग भिंतीवर नीट चढला पाहिजे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शेंदूर

रंग कालविण्याची विद्या आपल्याकडे डब्याबरोबर आलेली नाही. ती आपण देवापाशीच शिकलो. वाघबारशीला वाघदेवाला शेंदूर लावतात, वेशीवरच्या देवाला लावतात, मारुतीला लावतात. शेंदूर तेलात कालवावा लागतो हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण तो कसा कालवितात हे पाहण्यासारखे आहे. जाणता माणूस वाटीभर तेलात शेंदूर टाकून मोकळा होत नाही. तो आधी थोडेसेच तेल घेतो, शेंदूर बोटांनी घोटून त्याचा लगदा करतो व मग बेताबेताने तेल वाढवितो.

याला कारण आहे. मूळचा शेंदूर म्हणजे शिशापासून केलेली भुकटी. ती पाण्याच्या आठपटीहून अधिक जड असते, आणि तेल तर पाण्याहूनही हलके. एवढे जड द्रव्य एवढ्या हलक्या तेलात सुटे टाकले तर ते तळाशी जाणारच. वरचे नुसते तेल देवाला लागेल आणि शेंदूर वाटीत राहील. रंगाचे सगळे शास्त्र या एका वाटीत आहे. (शिसे विषारी असते. सबब शेंदूर हाताळल्यावर हात धुवावेत व मुलांच्या तोंडात तो जाऊ देऊ नये, हेही येथेच सांगून ठेवतो.)

तांदळाचे पीठ आणि गेरू

आपल्या वारली बांधवांच्या घरी लग्नाचा चौक लिहितात. कुडाची भिंत शेणाने सारवून तीवर गेरूचा हात देतात. तांदूळ भिजवून बारीक वाटतात, त्यात पाणी व थोडा डिंक घालतात आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून त्याची लेखणी करतात. मधोमध पालघाट देवी बसते. हे पीठही वाटीत थोडा वेळ ठेवले की खाली बसते. मग काडी बुडविताना तळ ढवळावा लागतो, नाही तर एक रेघ ठळक व दुसरी पुसट उमटते. वाटलेले पीठ फार दिवस टिकतही नाही, आंबते. म्हणून ते लागेल तेवढेच वाटतात.

ही कला 1970 नंतरच्या काळात जगापुढे आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार व 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले. शेण, गेरू आणि तांदळाचे पीठ एवढ्या भांडवलावर आपल्या जिल्ह्याचे नाव परदेशी गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

त्याही आधीचा दाखला अजिंठ्याचा. तेथील सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. लाल व पिवळी माती, काजळी, हिरवा दगड, आणि निळ्यासाठी दूर अफगाणिस्तानातून आलेला मौल्यवान निळा दगड, असे हे रंग वाटून ते डिंक अथवा सरसासारख्या चिकट पदार्थात कालविलेले होते. म्हणजे रंगाला दोन गोष्टी लागतात: एक रंग देणारी भुकटी व दुसरा तिला भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. या दोहोंची गाठ सुटली की रंग पुसला जातो किंवा पापुद्रे सुटून गळतो.

चुना

आपल्या वाडवडिलांच्या वेळी देवळाला आणि घराला रंग म्हणजे चुना. कळीचा चुना पाण्यात विझवावा, वर चार बोटे पाणी ठेवून मुरू द्यावा, मग कापडातून गाळून घ्यावा. त्यात डिंक किंवा पेज घालावी म्हणजे हाताला लागत नाही. पिवळटपणा जावा म्हणून चिमूटभर नीळ. पाण्याखाली झाकलेला चुना जितका मुरेल तितका गुळगुळीत होतो, परंतु वारा लागला की त्याचे खडे होतात. चुना लावणारा माणूस दर वेळी बादलीत काठी फिरवून मगच कुंचा बुडवीत असे. तसे केले नाही तर भिंतीचा वरचा भाग पाणचट व खालचा दाट दिसतो.

आपल्या भाषेतही याची साक्ष आहे. घोटणे, खलणे, कालवणे, ढवळणे असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. काम वेगळे नसते तर शब्दही वेगळे झाले नसते.

डबा आला

पुढे तेलाचा रंग आला. त्या काळचे रंगारी सफेता व जवसाचे तेल आणून रंग स्वतः घोटीत. घोटण्यात अर्धा दिवस जाई. 1867 साली अमेरिकेत तयार कालविलेल्या रंगाचे पेटंट झाले व हळूहळू झाकणाच्या डब्यातून रंग विकला जाऊ लागला. आपल्या देशात 1902 साली हावड्याला शालिमारचा कारखाना निघाला, 1920 साली मुंबईत पुढे नेरोलॅक म्हणून प्रसिद्धीस आलेला कारखाना सुरू झाला. 1942 साली, महायुद्धामुळे परदेशी माल येईनासा झाला असता, गिरगावात चार मित्रांनी एशियन पेंट्स ही कंपनी काढली. हातात डबा व ब्रश घेतलेला तिचा गट्टू हा मुलगा 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला. तो आपल्यापैकी पुष्कळांनी दुकानाच्या पाटीवर पाहिलेला आहे.

डबा आला आणि घोटण्याचे कष्ट वाचले, ही मोठी सोय झाली. परंतु त्याबरोबर एक गैरसमजही आला, की डब्यातला रंग तयारच आहे, झाकण काढा आणि लावा. कारखान्यात कालविलेला रंग दुकानात व घरात महिनोन् महिने उभा असतो. आजच्या पांढऱ्या रंगातील मुख्य भुकटी पाण्याच्या चौपट जड आहे. शेंदराच्या वाटीचा नियम तिलाही लागू आहे. ती खाली बसते, वर पातळ द्रव राहतो. एका गावी समाजमंदिराची भिंत मी पाहिली होती. दाराकडची बाजू तेलकट, चकचकीत व फिकी, मागची बाजू खरखरीत व गडद. रंग एकाच डब्यातला होता. वरचा आधी लागला, तळाचा नंतर, एवढाच फरक.

आपले काम

सबब आपल्या मंदिराचे रंगकाम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी व्हाव्यात असे नम्रपणे सुचवितो.

डबे आदल्या दिवशी, झाकण घट्ट असल्याची खात्री करून, उलटे करून ठेवावेत. उघडल्यावर वर साय धरलेली असेल तर ती अलगद उचलून टाकावी, मोडून आत मिसळू नये. वरचा पातळ भाग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून घ्यावा. तळाचा गाळ चपट्या पट्टीने खरवडून घोटावा. गोल काठी नुसती गाळाभोवती फिरते. लगदा एकजीव झाला की काढलेला पातळ भाग थोडा थोडा परत घालावा. मग या डब्यातून त्या डब्यात चार-सहा वेळा ओतावा व जुन्या सुती कापडातून गाळावा. रंग घट्ट दिसतो म्हणून ढवळण्याआधीच टर्पेंटाइन किंवा पाणी घालू नये. घट्टपणा तळाचा असतो, सगळ्या रंगाचा नव्हे.

एकाच रंगाचे डबे निरनिराळ्या वेळी आलेले असतील तर त्यांच्या छटेत फरक पडतो. ते सर्व एका मोठ्या पिंपात एकत्र करून मगच भिंतीला हात लावावा. तेलाचा रंग व पाण्याचा रंग मात्र कधीही एकत्र करू नयेत. पाण्याच्या रंगाला आंबूस वास येत असेल, किंवा तळ दगडासारखा झाला असून घोटूनही फुटत नसेल, तर तो डबा बाजूला काढावा. काम चालू असतानाही मधून मधून ढवळत राहावे.

घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्यापूर्वीचे डबे असतील तर मुले जेथे हात लावतील अशा ठिकाणी ते वापरू नयेत. जुना रंग घासतानाची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. ब्रश धुतलेले पाणी विहिरीजवळ वा ओहोळात टाकू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करू नये, त्या आपोआप तापून पेटतात.

काम संपल्यावर उरलेल्या प्रत्येक डब्यावर रंगाचे नाव, तारीख व कोणत्या भिंतीला लावला हे लिहून ठेवावे, आणि त्याची नोंद मंदिराच्या वहीत करावी. पावसाळ्याचे चार महिने आपल्या डोंगरात काय झोडपून काढतात हे सांगावयास नको. काही वर्षांनी भिंतींना पुन्हा हात द्यावाच लागेल. त्या वेळी जो तरुण वही उघडील त्याला छटा शोधीत फिरावे लागू नये.

देणगीदारांची नावे पाटीवर कोरली जातील व ती योग्यच आहे. परंतु ज्याने बाहेरगावी विटा वाहून एका डब्याचे पैसे दिले, त्याला भिंत पाहून समाधान वाटले पाहिजे. त्याच्या डब्यातील अर्धा रंग तळाशी वाळून फेकला गेला, असे होता कामा नये. रंगकामाच्या पहिल्या दिवशी चार तरुणांनी सकाळी लवकर येऊन फक्त ढवळण्याचे काम अंगावर घ्यावे, ही विनंती करून लेख पुरा करतो.