‘विकत घेतले’ या क्रियापदाचा इतिहास : बेंगळुरू, संगणकीय खेळ आणि आपली नियतकालिके

१ जानेवारी २०२५ या दिवशी जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी सुरू झाल्या. भारतात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना कार्यान्वित झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० संशोधन-नियतकालिके असा तिचा आवाका आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या शासकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही आता आयआयटीतल्या विद्यार्थ्याप्रमाणे शोधनिबंध उघडता येतात, ही आनंदाचीच बाब आहे. त्याच दिवशी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक कायदा अमलात आला. डिजिटल खेळ, चित्रपट किंवा पुस्तक विकणाऱ्या दुकानाने ग्राहकाला आपण केवळ परवाना देत आहोत हे स्पष्ट सांगितल्याखेरीज ‘खरेदी करा’ हा शब्द बटणावर लिहू नये, असे तो कायदा सांगतो.

या दोन घटनांचा परस्परसंबंध वरवर पाहता दिसत नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : पैसे मोजल्यानंतर आपल्या हाती नेमके काय येते? या प्रश्नाचा भारतातील इतिहास लिहायचा झाल्यास त्यातील बरीच प्रकरणे बेंगळुरूमध्ये घडलेली आढळतात, आणि तो समजून घ्यायला संगणकीय खेळांसारखे दुसरे सोयीचे उदाहरण नाही.

माध्यमापासून सुटलेली माहिती

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचा गणिती सिद्धांत मांडला, तेव्हा माहिती ही तिच्या वाहकापासून वेगळी मोजता येते हे सिद्ध झाले. तोच संदेश कागदावर असो, चुंबकीय फितीवर असो वा तारेतून जावो, त्यातील बिटांची संख्या तीच राहते. भौतिकशास्त्राला हे तत्त्व लवकर पचले. सीमाशुल्क खात्याला आणि कायद्याला मात्र ते पचवायला अनेक दशके लागली, कारण त्यांची सारी व्यवस्था वस्तूंवर उभी होती.

भारतातून सॉफ्टवेअर परदेशी पाठवण्याचा उद्योग १९७० च्या दशकात मुंबईच्या सीप्झमध्ये आकाराला आला. त्या काळी आज्ञावली म्हणजे चुंबकीय फितीचे रीळ. ते रीळ विमानाने जाई, त्याची कागदपत्रे होत, त्यावर अधिकाऱ्याची सही होई. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बेंगळुरूमध्ये आपले केंद्र उघडले आणि उपग्रहामार्फत थेट जोडणी मिळवली. इथल्या अभियंत्यांनी केलेले काम आता रिळाशिवाय सागरापार जाऊ लागले. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया’ या संस्थेने अशीच जोडणी लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आणली. आज आपण ज्याला ‘डाउनलोड’ म्हणतो, त्याचा व्यापारी प्रवास या शहरातून प्रथम बाहेरच्या दिशेने झाला. घरगुती ग्राहकासाठी तो आतल्या दिशेने वळायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली.

चकतीचे दिवस

मधल्या काळावर सीडीचे राज्य होते. बेंगळुरूच्या सादर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडवर, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे सुटे भाग घेता घेता खेळांच्या चकत्याही मिळत. त्यांतल्या कितीतरी बेकायदा नकला असत, हेही मान्य केले पाहिजे.

चकती टिकून का होती, याचे उत्तर साध्या गणितात आहे. एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट, म्हणजे ५२० कोटी बिट मावतात. टेलिफोनच्या तारेवरून ५६ किलोबिट प्रतिसेकंद हा आदर्श वेग अखंड मिळाला, तरी एवढी माहिती उतरवायला जवळपास २६ तास लागले असते. शिवाय प्रत्येक मिनिटाला फोनचे बिल चालू. दुकानापर्यंतची बस त्याहून कितीतरी वेगवान होती.

सीडीमध्ये आणखी एक सुंदर व्यवस्था होती. तिच्यावरील माहिती रीड-सोलोमन संकेतप्रणालीने गुंफलेली असते. लगतचे बिट एकमेकांपासून दूर पसरवून त्यांच्यासोबत पडताळणीचे जादा बिट लिहिले जातात. त्यामुळे मार्गाच्या सुमारे अडीच मिलिमीटर लांबीवरची माहिती ओरखड्याने पुसली गेली, तरी ती पुन्हा अचूक उभी करता येते. वस्तू खराब होणार हे गृहीत धरून केलेली ती रचना होती. आणि चकती ज्याच्या हातात, तो ती मित्राला देऊ शके, विकू शके, कपाटात ठेवून दहा वर्षांनी पुन्हा चालवू शके.

याच सुमारास, १९९७ मध्ये, राजेश राव यांनी बेंगळुरूत ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही खेळ घडवणारी कंपनी सुरू केली. परदेशी प्रकाशकांच्या खेळांसाठी तिथे काम होई. पुढे २०१९ मध्ये रॉकस्टार या बड्या कंपनीने ती विकत घेतली. जगभर विकल्या जाणाऱ्या खेळांचे भाग इथे तयार होत होते, पण इथल्या खेळाडूला ते कायदेशीररीत्या मिळवायचे तर वाट लांबची होती.

२००४ : पाच आठवड्यांत तीन घटना

इतिहासात कधी कधी तारखा विलक्षण जुळून येतात. १४ ऑक्टोबर २००४ रोजी भारत सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि २५६ किलोबिट प्रतिसेकंद या किमान वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला की, तयार स्वरूपात माध्यमावर विकले जाणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागू शकतो. १६ नोव्हेंबर २००४ रोजी व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ प्रसिद्ध झाला.

या खेळाचे वैशिष्ट्य असे की, दुकानातून चकती आणलेल्या ग्राहकालाही तो चालू करण्यासाठी इंटरनेटवरून व्हॉल्व्हच्या ‘स्टीम’ या प्रणालीत खाते उघडावे लागे. स्टीम त्यापूर्वी वर्षभर, सप्टेंबर २००३ पासून, अस्तित्वात होती. आता तिच्यावाचून चकती निरुपयोगी ठरली. म्हणजे आपल्या न्यायालयाने सॉफ्टवेअर ही वस्तू आहे असे ज्या महिन्यात ठरवले, त्याच महिन्यात या खेळाने ते वस्तूपासून सोडवून दूरच्या एका खात्याशी बांधले. आणि २५६ किलोबिटच्या नव्या ‘ब्रॉडबँड’वर चार गिगाबाइटचा खेळ उतरवायला सुमारे ३५ तास लागणार होते. तंत्रज्ञान, कायदा आणि पायाभूत सुविधा या तिघांची घड्याळे किती वेगळी चालतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

पैसा, वेग आणि कर

पुढचा अडसर पैशांचा होता. या दुकानांतील किमती डॉलरमध्ये असत आणि आंतरराष्ट्रीय व्यवहाराची मुभा नसलेले डेबिट कार्ड तिथे चालत नसे. विद्यार्थ्याकडे क्रेडिट कार्ड असण्याचा प्रश्नच नव्हता. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली आणि त्याच वर्षी जिओच्या आगमनाने डेटाचे दर कोसळले. आज १०० मेगाबिटच्या जोडणीवर ५० गिगाबाइटचा खेळ सुमारे ६७ मिनिटांत उतरतो. एस. पी. रोडवर जाऊन येण्यापेक्षा हे निश्चितच जलद आहे.

आता कराकडे पाहू. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रेषणावर सीमाशुल्क न आकारण्याचे ठरवले आणि तो संकेत पुढे अनेकदा वाढवला. त्यामुळे चकतीला बंदरावर अडवता येत होते, तसे डाउनलोडला अडवता येत नव्हते. यावर भारताने वेगळा मार्ग काढला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा परदेशातून भारतीय ग्राहकाला पुरवल्या जाणाऱ्या डिजिटल सेवांचा एक स्वतंत्र वर्ग करण्यात आला. त्यात सॉफ्टवेअर, संगीत, चित्रपट, ई-पुस्तके हे सारे येते. सर्वसाधारण दर १८ टक्के. आणि अशा सर्व परदेशी पुरवठादारांच्या नोंदणीसाठी संपूर्ण देशात एकच अधिकारी नेमला गेला : केंद्रीय कर प्रधान आयुक्त, बेंगळुरू पश्चिम. नागपूरच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या मुलाने रात्री परदेशी दुकानातून खेळ घेतला, तर त्या व्यवहाराचा करविषयक पत्ता बेंगळुरूचा असतो.

मात्र कायद्याच्या दृष्टीने तोच खेळ चकतीवर आला तर माल, आणि तारेतून आला तर सेवा. बिट तेच. शॅनन यांना यात गंमत वाटली असती.

बेंगळुरूचा खटला

‘परवाना’ आणि ‘विक्री’ यांतील भेदावर भारतातील सर्वांत महत्त्वाचा निकाल ज्या खटल्यात लागला, तोही बेंगळुरूचाच आहे. इंजिनीअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीने अमेरिकेतून तयार सॉफ्टवेअर आणवले होते. ही किंमत म्हणजे स्वामित्वधन असून पैसे पाठवण्यापूर्वी त्यावर कर कापायला हवा होता, अशी प्राप्तिकर खात्याची भूमिका होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ मध्ये खात्याची बाजू मान्य केली. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

न्यायालयाचे विवेचन विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. स्वामित्वहक्क असणे वेगळे आणि स्वामित्वहक्काने संरक्षित प्रत असणे वेगळे. पुस्तक विकत घेणाऱ्याला ते छापून विकण्याचा हक्क मिळत नाही; मिळते ती एक प्रत. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाही तसेच. करारावर ‘परवाना’ असे लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात काय हस्तांतरित झाले हे पाहिले पाहिजे. निकाल करासंबंधी होता, ग्राहकाच्या हक्कांविषयी नव्हे. परंतु त्याने एक दृष्टी दिली : कागदावरचा शब्द आणि व्यवहारातील वास्तव यांची तुलना करा.

ही दृष्टी खेळांच्या दुकानांना लावली, की चित्र उलटे दिसते. तिथे बटणावर ‘खरेदी’ असते आणि करारात ‘परवाना’. व्यवहारातील वास्तव काय, हे ‘द क्रू’ या खेळाने दाखवून दिले. २०१४ मध्ये आलेला हा मोटारशर्यतीचा खेळ सतत युबिसॉफ्ट कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहत असे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, त्यांच्यासाठीही तो कायमचा थांबला. एखाद्या चकतीवर ओरखडा पडला तर रीड-सोलोमन संकेत मदतीला येतो. बंद झालेल्या सर्व्हरसाठी असा संकेत नाही. जगभरच्या खेळाडूंनी त्यानंतर चळवळ उभारली, तिचा रोख याच मुद्द्यावर आहे.

या व्यवस्थेचा लाभही तितकाच खरा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये याच डिजिटल दुकानांतून जगभर पोहोचला. चकत्या छापून, जहाजातून पाठवून एवढ्या लहान चमूला हे साधले नसते. शिवाय पोलंडच्या जीओजी या दुकानासारखा वेगळा नमुनाही आहे : तिथे खेळाची स्थापना-फाइल उतरवून घेता येते आणि नंतर इंटरनेटविना चालवता येते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा कायम जवळ ठेवता येणाऱ्या प्रतींना सूट दिली आहे, हे अर्थपूर्ण आहे.

आपल्या ग्रंथालयांकडे वळून

खेळ बंद पडला तर करमणूक जाते, असे कोणी म्हणेल. पण आता नियतकालिकांचा विचार करा. पूर्वी महाविद्यालयाने वर्गणी थांबवली, तरी जुने बांधीव खंड कपाटात राहत. १९५४ च्या कायद्याने देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत चार सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करणे बंधनकारक केले. मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालय हे त्यांपैकी एक. संगणकीय खेळासाठी अशी जागा आपल्याकडे नाही.

विज्ञानजगताने या धोक्यावर एक उपाय शोधला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘लॉक्स’ या प्रकल्पाचे तत्त्व असे की, पुष्कळ प्रती पुष्कळ ठिकाणी ठेवल्या तर मजकूर सुरक्षित राहतो. निरनिराळ्या ग्रंथालयांतील संगणक आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात आणि बिघडलेली प्रत दुरुस्त करतात. हे रीड-सोलोमनचेच मोठे भावंड म्हणता येईल : अतिरिक्त माहिती बाळगणे हाच विनाशावरचा उतारा.

म्हणून आपल्या राष्ट्रीय योजनेचे स्वागत करतानाच तिला काही प्रश्न विचारणे विज्ञानप्रेमींचे कर्तव्य आहे. २०२५ ते २०२७ या काळात उघडता येणारे निबंध, करार पुढे न वाढल्यास, आपल्या विद्यार्थ्यांना वाचता येतील काय? या वर्षांतील अंकांची प्रत देशातल्या सर्व्हरवर राहील काय? वाटाघाटीच्या पुढच्या फेरीत किंमत आणि नियतकालिकांची संख्या यांच्याइतकेच महत्त्व या अटींना मिळायला हवे. कारण ६,००० कोटी ही जनतेच्या पैशांची रक्कम आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या सवलतीच्या हंगामात एखादा खेळ घेण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर पाहा : तो इंटरनेटविना चालतो काय, त्याची फाइल स्वतःजवळ ठेवता येते काय, आणि कंपनीने सेवा बंद केल्यास काय होईल हे करारात लिहिले आहे काय. उत्तरे नकारार्थी असली तरी खेळ घ्यायला हरकत नाही. फक्त आपण तो भाड्याने घेत आहोत हे जाणून त्या दराने पैसे मोजावेत.