नापास आणि ढकलपास यांच्यामधली जागा

नापास होण्याच्या भीतीवाचून मुले अभ्यास करीत नाहीत, हे आपल्याकडे इतके ठाम मानले जाते की मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवण्याची रीत शाळेइतकीच जुनी वाटते. ती तशी नाही. पंतोजींच्या शाळेत अक्षरे, पाढे, मोडी असे टप्पे होते. ज्याचा टप्पा पुरा झाला तो पुढे सरके, बाकीचे आपल्या गतीने गिरवत राहत. वर्षाला बांधलेली इयत्ताच नसल्यामुळे कोणाचे वर्ष वाया जात नसे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते आले आणि त्याबरोबर इयत्ता, क्रमिक पुस्तके व तपासनीस आले. मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत रुजली, तेव्हा मुलाचे पास होणे शाळेच्या जमाखर्चातही मोजले जाऊ लागले. १९०४ च्या सरकारी ठरावाने ही पद्धत नाकारली, पण वार्षिक परीक्षेवर वर्ग चढवण्याची सवय टिकून राहिली.

तिची किंमत १९२९ मध्ये हार्टोग समितीने मांडली. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत अवघी १८ उरली होती. समितीने याला गळती आणि स्थगिती अशी दोन कारणे दिली. गळतीमागे गरिबी आणि शेतातली कामे होती, हे खरेच. पण त्याच वर्गात अडकलेले मूल घरच्यांना शाळेतून काढावेसे वाटणे साहजिक होते. स्थगिती गळतीला वाट करून देत होती. म्हणूनच कोल्हापूर भागातले जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली आणि दुसरी मिळून एकच सलग टप्पा मानावा असे सुचवले.

यावर आक्षेप येतो की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवू नये असे ठरवले आणि न वाचता येणारी मुलेही वर चढली. हा आक्षेप गंभीर आहे, पण तो अर्धाच कायदा वाचतो. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकले होते. मागे ठेवणे एका आदेशाने थांबवता आले. जादा शिकवण्याला मात्र वेळ, शिक्षक आणि पैसा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत मागे ठेवण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम बदलले. त्या दुरुस्तीतही नापास मुलाला आधी जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा देणे बंधनकारक आहे. खरी परीक्षा या दोन महिन्यांची आहे. त्यांत वेगळ्या रीतीने शिकवले गेले नाही, तर नापास केलेले मूल तेच न कळलेले धडे पुन्हा ऐकेल आणि ढकलपास झालेले मूल त्याहून अवघड धडे ऐकेल. शिकणे दोघांचेही राहून जाईल. म्हणून शाळेला पहिला जाब निकालाचा नव्हे, तर त्या निकालापूर्वी दिलेल्या मदतीचा विचारला पाहिजे.